चमचाबाई आणि नणंदेची पपनसं

मोजे विणायच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बाईला सगळे चमचाबाई म्हणत. नव्यानं कामाला लागलेल्या माणसाला हे नाव ऐकून वाटायचं, बाई साहेबांच्या पुढेपुढे करणारी दिसते. पहिल्याच दुपारी त्याचा गैरसमज दूर व्हायचा. साहेब, म्हणजे कँटीनचा मॅनेजर, तिच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. आज भात जरा लवकर मिळेल का, एवढं विचारायलासुद्धा तो दाराबाहेर दोनदा खोकून मगच आत यायचा.

नाव पडलं होतं ते तिच्या एप्रनच्या खिशातल्या लांब दांड्याच्या चमच्यामुळे. पातेलं शेगडीवरून उतरायच्या आधी ती तो बाहेर काढायची, रश्श्यात बुडवायची, फुंकर घालायची आणि डोळे मिटून चव घ्यायची. तेवढ्या वेळात स्वयंपाकघरात कुणी भांडं वाजवायचं नाही. मग डोळे उघडून ती कशाची तरी एक चिमूट टाकायची, किंवा टाकायची नाही, आणि झाकण ठेवायची. दुसऱ्यांदा चव बघताना तिला कुणी कधी पाहिलं नव्हतं.

ती इथं आली तेव्हा अगदी पोरगेली होती आणि काम कांदे चिरायचं होतं. तेव्हाच्या म्हाताऱ्या आचाऱ्याला दिसेल त्याला चव विचारायची खोड होती, आणि विचारलं की सगळे माना डोलवायचे. हिला विचारलं तेव्हा ही म्हणाली, "टोमॅटो कच्चा राहिलाय." म्हातारा संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं तिला कांद्याच्या ढिगातून उठवलं, शेगडीपाशी आणलं आणि म्हणाला, "आता सांग." तेव्हापासून ती शेगडीपाशीच राहिली.

तिचं लग्नही चवीवरूनच जमलं. कारखान्याचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं म्हणून एक हडकुळा तरुण दुरुस्तीला आला. शिडीवर चढून त्यानं काम उरकलं आणि खाली येऊन जेवायला बसला.

"कसं आहे सूप?" तिनं विचारलं.

"बरं आहे."

"नुसतं बरं?"

त्यानं चमचा खाली ठेवला, बराच विचार केला आणि म्हणाला, "मिरी जरा कमी पडलीय."

मिरीचा डबा त्या दिवशी तळाला गेला होता आणि हे तिच्याखेरीज कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. लग्न जमायला याहून जास्त काही लागलं नाही. मात्र लग्न झाल्यावर या घड्याळवाल्यानं जेवणाला पुन्हा म्हणून नाव ठेवलं नाही. एका वाक्यात आपलं भागलं, आता कशाला विषाची परीक्षा, असा विचार त्यानं केला असावा.

नवऱ्याबरोबर नणंद आली. नवऱ्याची ही थोरली बहीण शाळेत व्यायाम शिकवायची. लग्न तिनं केलं नाही, करायचं मनातही आणलं नाही. नोकरी संपून बरीच वर्षं झाली तरी तिचा आवाज मैदानाच्या मापाचाच राहिला होता. दोन गल्ल्या पलीकडे ती एकटी राहायची. डोक्यावरचे सगळे केस गेलेल्या भावाला ती अजूनही "छोट्या" म्हणून हाक मारायची आणि छोट्या अजूनही दचकून उभा राहायचा.

नणंदबाईंच्या परसात पपनसाचं एक झाड होतं. कधीकाळी पपनस खाऊन झाल्यावर त्यांनी त्यातली एक बी फुटक्या बादलीत खोचली होती. बी रुजली, बादली अपुरी पडली, रोप जमिनीत गेलं, झाड भिंतीच्या वर गेलं, पण फळ काही धरेना. शेजारचे म्हणाले, तोडून टाका. नणंदबाई म्हणाल्या, "माझ्या वर्गातल्या काही मुली उड्या मारायला उशिराच शिकल्या. म्हणून मी त्यांना तोडून टाकलं का?" शेवटी एके वर्षी झाडाला फळं लागली आणि मग दरसाल लागतच राहिली. पोरांच्या डोक्याएवढी, पिवळट हिरवी, देठाशी निमुळती.

हंगाम आला की एका रविवारी सकाळी नणंदबाई दोन्ही हातांत दोन पिशव्या तोलत भावाच्या दारात उभ्या राहायच्या. ओट्याजवळच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर पपनसं मांडायची, आणि सोलायचं काम सुरू. नणंदबाई सोलायच्या ते बघवत नसे. त्या फळाला गुडघ्यात धरून अशा काही तुटून पडायच्या की शेवटी रस कोपरापर्यंत, बिया जमिनीवर आणि हातात नुसता चोथा. चमचाबाईचं तसं नव्हतं. ती सुरीनं वरची टोपी उडवायची, देठापासून बुडापर्यंत सालीवर उभ्या रेघा ओढायची, आणि मग अंगठा आत सरकवून ती जाड साल, आतल्या पांढऱ्या कापसासकट, एखाद्या पोराच्या अंगातून स्वेटर काढावा तशी काढायची. उरलेला गोळा दोन्ही अंगठ्यांनी मधोमध उघडायचा. मग एकेक फोड घ्यायची, तिच्या धारेवर दातानं नाहीतर नखानं चीर द्यायची, आणि कडू पापुद्रा उलटा करून आतला गुलाबी गर अख्खाच्या अख्खा ताटलीत काढायचा. एक दाणा फुटायचा नाही.

पहिली फोड नेहमी तिचीच. ती डोळे मिटून खायची, आणि नणंदबाई हाताची घडी घालून वाट बघायच्या.

"यंदा कशी?"

चमचाबाई सांगायची ते नणंदबाईंना क्वचितच आवडायचं. एकदा ती म्हणाली, "पहिल्या घासाला गोड, मग नुसतं पाणी." एकदा म्हणाली, "शेवटी कडवट लागतंय, पण चालेल." नणंदबाई भांडायच्या, तुला काय कळतंय म्हणायच्या, तणतणत घरी जायच्या, आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी कमी करायचं की खत वाढवायचं ते त्या बोलण्यावरूनच ठरवायच्या.

एके वर्षी पपनसांच्या आधी चमचाबाईला ताप आला. साधाच ताप, नाक गळणं, अंग दुखणं. चार दिवस पडून राहिली आणि बरी झाली. पाचव्या दिवशी सकाळी नवऱ्यानं चहा करून दिला. तिनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"अहो, चहापत्ती टाकायला विसरलात की काय?"

नवऱ्यानं कपात डोकावून बघितलं. चहा चांगला लाल होता. तरी तो काही न बोलता उठला आणि दुसरा करून घेऊन आला. तोही तसाच, नुसतं गरम पाणी. तिला वाटलं, तोंडाला चव नाही अजून, येईल.

कामावर गेल्यावर तिनं कांदा चिरला, डोळ्यांतून पाणी आलं, पण वास आला नाही. लसूण ठेचला, वास नाही. मग शेजारच्या शेगडीवर दूध उतू जाऊन करपलं. भांडी घासणारे काका बाहेरच्या मोरीवरून धावत आले, आणि ही त्या दुधाच्या हातभर अंतरावर शांत उभी राहून गाजर किसत होती. काकांनी गॅस बंद केला.

तिनं खिशातला चमचा काढला आणि रस्सा चाखला. जिभेला तो ऊन आहे हे कळलं, दाट आहे हे कळलं. बाकी काही नाही. मीठ घेऊन जिभेवर ठेवलं. वाळू ठेवल्यासारखं वाटलं.

आता हे कुणाला सांगायचं? शिंप्याचे डोळे गेले तर तो सांगत फिरेल का? उभा जन्म या एका गोष्टीवर काढलेला. लोक तिच्या धाकात होते ते तिच्या आवाजामुळे नव्हे, तिच्या जिभेमुळे. तिनं मूग गिळून गप्प बसायचं ठरवलं. मीठ किती, तिखट किती, हे हातांना ठाऊकच होतं. हात चुकणार नाहीत.

हात चुकलेही नाहीत. चुकलं ते सोंग. कारण सगळ्यांसमोर चमचा काढून, फुंकर घालून, डोळे मिटून चव घ्यायची म्हणजे त्यानंतर मधूनमधून काहीतरी टाकायला हवं. नाहीतर कुणाला संशय यायचा. म्हणून ती डोळे उघडून ऐटीत चिमूटभर मीठ टाकायची. आधीच बरोबर असलेल्या रश्श्यात ही चिमूट जायची, आणि तिच्या चिमटी कारखान्याच्या पातेल्याच्या हिशेबानं चांगल्या मूठभर होत्या.

मशिनवर बसणाऱ्या बाया रोज जेवायला यायच्या. केसांत मोज्यांच्या सुताचे रंगीत तंतू अडकलेले, आणि दिवसभर मशिनच्या खडखडाटात राहून मोठ्यानं बोलायची सवय लागलेली. त्या आठवड्यात मात्र त्या हळू आवाजात बोलत होत्या. पहिला घास घ्यायच्या, एकमेकींकडे बघायच्या आणि पाण्याच्या जगकडे हात करायच्या. सांगणार कोण? चमचाबाईला मीठ जास्त झालंय म्हणून सांगायचं, म्हणजे वाघाच्या जबड्यात डोकं घालायचं.

भांडी घासणाऱ्या काकांनी मात्र सगळं ओळखलं. पाण्याचे जग भरता भरता त्यांच्या नाकी नऊ आले होते, आणि ताटांत रस्सा उरून येत होता. हे काका स्वभावानं इतके गोड होते की त्यांना सगळे झकासकाका म्हणत. पाऊस पडला तरी झकास, नाही पडला तरी झकास. एके दिवशी दुपारी सगळे गेल्यावर ते हात पुसत तिच्यासमोर येऊन बसले.

"बाई, काय झालंय?"

"काही नाही."

"मग मला खाऱ्या समुद्रात पोहल्यासारखं का वाटतंय?"

चमचाबाईचा चेहरा पडला. तिनं पदरानं डोळे पुसले आणि सगळं सांगून टाकलं. काकांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "एवढंच ना? मी आहे की. उद्यापासून चव मी घेतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गुपचूप रस्सा चाखला.

"कसा आहे?"

"झकास!"

"मीठ?"

"झकास!"

"काका, नीट सांगा."

"आता झकासला झकास नाही तर काय म्हणू?"

तिनं कपाळाला हात लावला. माणूस देवभोळा असावा, पण चवभोळा असला तर त्याचं करायचं काय? पण दोन दिवसांत तिच्या एक गोष्ट लक्षात आली. मीठ जास्त झालं की झकास म्हणताना काकांचा डावा डोळा आपोआप मिटायचा. तिखट जास्त झालं की कान लाल व्हायचे. तोंड काहीही बोललं तरी चेहरा खोटं बोलत नव्हता. मग ती त्यांचा चेहरा बघून स्वयंपाक करायला लागली. पाण्याचे जग पुन्हा पूर्वीसारखे टिकू लागले. जेवणाला जान मात्र राहिली नाही. मिरी, लिंबू, लसूण यांचं कुणाशी किती जमतं हे काकांच्या कानांवरून कसं कळणार?

अशात एका रविवारी सकाळी दार वाजलं. दोन पिशव्या, आणि त्यांच्यामागे नणंदबाई.

"छोट्या, पिशवी धर! दोन्ही हातांनी! पाठ सरळ!"

त्या वर्षी पपनसं जरा लवकर उतरवली होती. परसाची भिंत एका बाजूनं कलली होती, गवंडी यायचा होता, आणि तो म्हणाला होता, फांद्या मोकळ्या केल्याशिवाय मी हात लावणार नाही. हे नणंदबाईंनी सांगितलं नाही. उतरवल्यावर त्यांनी घरी एक फळ फोडून बघितलं होतं, हेही सांगितलं नाही.

टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. चमचाबाईनं सुरी घेतली. हातांना सगळं येत होतं. टोपी उडाली, साल सुटली, गोळा उघडला, पहिली फोड निघाली. तिनं ती तोंडात टाकली आणि डोळे मिटले. थंड, ओले दाणे जिभेवर फुटले. दाढेखाली त्यांचा तो बारीक आवाजही आला. आणि पुढे काहीच नाही. जणू कुणी दार उघडून दिलं होतं आणि आत रिकामी खोली होती.

"यंदा कशी?" नणंदबाईंनी हाताची घडी घातली.

चमचाबाईनं डोळे उघडले. काहीतरी बोलायला हवं होतं. निदान या बाईला एकदा तरी खूश करावं, असं तिच्या मनात आलं.

"गोड," ती म्हणाली. "साखर आहे नुसती!"

नणंदबाईंची घडी सुटली. त्यांनी ताटलीतली एक फोड उचलली आणि भावाच्या तोंडात कोंबली. घड्याळवाल्याचा चेहरा एवढासा झाला, दोन्ही खांदे कानाला लागले आणि डोळ्यांच्या कडांना पाणी आलं.

"आंबट ढाण आहे," नणंदबाई म्हणाल्या. "मला ठाऊक होतं. काल रात्रभर मी तयारी केली होती की तू काय काय बोलशील आणि मी काय उत्तर देईन. आणि तू म्हणतेस गोड? इतक्या वर्षांत तू मला कधी बरं वाटावं म्हणून बोलली नाहीस. मी काय आता इतकी म्हातारी दिसायला लागले, की माझी समजूत काढायची?"

त्यांचा आवाज पहिल्यांदाच मैदानाच्या मापाचा राहिला नव्हता. चमचाबाईला ते सहन झालं नाही.

"वन्सं, मला चवच लागत नाही," ती म्हणाली. "ताप आला तेव्हापासून. वास नाही, चव नाही. मला आंबट काय न् गोड काय, सगळं सारखंच."

घड्याळवाला उठून उभा राहिला.

"म्हणजे घरातलं खारट जेवण त्यामुळे होतं?"

"घरातलंही खारट होतं? मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तू माझ्यावर रागावलीयस," तो म्हणाला. "मी रोज आठवून बघत होतो, माझं काय चुकलं. एकदा तुझी छत्री हरवली होती ती मी कबूल केली नव्हती, म्हटलं तेच कळलं असणार. परवा नवी आणून ठेवलीय कपाटात."

यावर आधी नणंदबाई हसल्या, मग चमचाबाई हसली, आणि हसता हसता रडायला लागली. नणंदबाईंनी तिचे दोन्ही खांदे धरले आणि तिला खुर्चीत सरळ बसवलं.

"रडून झालं की सांग. उद्या डॉक्टरकडे जायचंय."

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं. अशा तापानंतर होतं असं, म्हणाले, हळूहळू सुधारेल, घाई करू नका. सकाळ-संध्याकाळ ओळखीचे, उग्र वास घेत जा. नणंदबाईंनी त्यातलं ‘सकाळ-संध्याकाळ’ तेवढं ऐकलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या हातात पपनस घेऊन दारात हजर.

"उभी राहा. पाय जुळव. साल चिमट नखानं. आता नाकाशी धर. श्वास आत! धरून ठेव! सोड!"

"काही येत नाही, वन्सं."

"येईल. पुन्हा. श्वास आत!"

संध्याकाळी त्या सरळ कँटीनमध्ये पोचल्या. तिथंही तेच. एकदा मशिनवरच्या बाया कामाची पाळी संपवून चहाला आल्या, तेव्हा चमचाबाई मोरीपाशी पाय जुळवून उभी आणि नाकाशी पपनसाची साल. झकासकाका शेजारी उभे राहून सोबतीला श्वास घेत होते.

"हे काय चाललंय?" एकीनं विचारलं.

चमचाबाई खुणा करत होती, पण नणंदबाईंनी मागं वळून खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "हिच्या तोंडाची चव गेलीय! परत आणतोय!"

झालं. मशिनच्या खडखडाटातही ऐकू जाईल असा तो आवाज. मॅनेजरलाही ऐकू गेला असणार, कारण दाराबाहेरून खोकण्याचा आवाज आला. आता नोकरी गेलीच, असं चमचाबाईला वाटलं.

मॅनेजर आत आला. "बाई," तो म्हणाला, "म्हणजे मीठ मुद्दाम नव्हतं?"

"मुद्दाम कशाला घालीन?"

"मी मागं नवा पंखा लावायला नाही म्हणालो ना, मला वाटलं त्याचं आहे." त्यानं घाम पुसला. "पंखा सांगून आलोय मी."

बाया तर पोट धरून हसायला लागल्या. आणि मग त्यांच्यातली जी सगळ्यांत थोरली होती, जिला सगळ्या आत्या म्हणत, ती पुढं झाली. "अहो बाई, आधी सांगायचं नाही का? इतकी वर्षं तुम्ही आम्हाला खाऊ घातलंत. आता रोज एकजण येऊन चव बघून जाईल. मशिन शेजारणीकडे सोपवून येऊ."

तसं सुरू झालं, आणि त्यानं चमचाबाईचा जीव मेटाकुटीला आला. सोमवारची बाई म्हणायची, तिखट वाढवा. मंगळवारची म्हणायची, पोटात आग पडेल. आत्या प्रत्येक गोष्टीत लिंबू पिळायला सांगायची. नणंदबाई मध्येच येऊन कुणाचंच न ऐकता साखर टाकायच्या, की चमचाबाई पळी उगारायची. "वन्सं, हात मागं!" "तुला चव कळत नाही, तू गप्प बस!" "चव कळत नसली तरी तुमचा हात दिसतो मला!" रस्सा कधी असा, कधी तसा. पण कँटीन इतकं गडबडीचं, इतकं हसतं कधीच नव्हतं. लोक ताट घेताना विचारायचे, आज कुणाची जीभ आहे?

पपनसं तोवर कँटीनच्या खिडकीत ओळीनं ठेवलेली होती. दिवस जात होते तशी त्यांची साल पिवळी पडत, सुरकुतत चालली होती. चमचाबाई रोज एक सोलायची, साल हुंगायची, फोडी दुसऱ्यांना वाटून टाकायची. स्वतः खायचं तिनं सोडून दिलं होतं. उगाच त्या रिकाम्या खोलीत कशाला डोकावायचं?

एका दुपारी जेवणं उरकली होती, काका ताटं विसळत होते, नणंदबाई बाकावर बसून त्या दिवशीच्या रश्श्यावर टीका करत होत्या. चमचाबाई फोडी काढत होती. एक पापुद्रा चिवट निघाला. नख लागेना म्हणून तिनं जुन्या सवयीनं त्याची कड दातात धरली आणि ओढली. पापुद्र्याचा तुकडा, थोड्या पांढऱ्या कापसासकट, जिभेच्या मागच्या बाजूला गेला.

ती थांबली. तिचं तोंड वाकडं झालं. कपाळाला आठ्या पडल्या, नाक आक्रसलं, आणि जीभ बाहेर आली.

"काय झालं?" नणंदबाई उठल्या. "जीभ चावलीस का?"

"कडू," ती म्हणाली.

"काय?"

"कडू आहे! वन्सं, कडू आहे हो! शी! विषासारखं कडू आहे!"

आणि असं म्हणत तिनं तो कापूस आणखी तोडला आणि तोंडात टाकला. पुन्हा तोंड वाकडं. पुन्हा एक तुकडा. आयुष्यभर जे तिनं नखानं खरवडून कचऱ्यात टाकलं होतं, ते ती आता बकाबका खात होती, तोंड वेंगाडत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. नणंदबाईंनी तिच्या हातून तुकडा घेऊन चाखला आणि थुंकला. "खरंच कडू आहे!" त्या ओरडल्या, जणू मोठं बक्षीस मिळालं होतं. काका ओल्या हातांनी धावत आले. त्यांनीही एक तुकडा चघळला.

"झकास," ते म्हणाले, दोन्ही डोळे घट्ट मिटून.

संध्याकाळी ती पिशवीत सालं भरून घरी घेऊन गेली. नवरा भिंगाखाली एक बारीकसं घड्याळ उघडून बसला होता. तिनं काही न सांगता त्याच्या तोंडात कापसाचा तुकडा ठेवला. त्यानं शांतपणे चावून गिळला, आणि भिंग डोळ्यावरून वर करून विचारलं, "आता मी काय केलं?"

ती हसत खालीच बसली.

बाकीच्या चवी सावकाश आल्या, आणि पाहुण्यांसारख्या न कळवता आल्या. आंबट आलं ते आत्यानं पिळलेल्या लिंबातून. मीठ एका सकाळी पावावरच्या लोण्यात लागलं आणि तिनं मिठाच्या डब्याला हात जोडले. वास तुकड्यातुकड्यांनी येत राहिला. पपनसाच्या सालीचा आला, तोही नणंदबाई ‘सोड’ म्हणायला विसरल्या म्हणून तिनं श्वास बराच वेळ धरून ठेवला तेव्हा. गोड सगळ्यांत शेवटी आलं. खिडकीतलं एक पपनस तोवर चांगलं सुरकुतलं होतं. त्याची फोड तिनं तोंडात टाकली आणि डोळे मिटून चघळत राहिली.

"बोल की," नणंदबाई म्हणाल्या.

"झाडावरून लवकर काढलीत. पण ठेवल्यानं सुधारलंय. बेताचं गोड आहे."

"बेताचं?" नणंदबाई कडाडल्या. "तुला काय कळतंय? अजून तुझी जीभ बरी झालेली नाही!"

आणि त्या इतक्या खुशीत तणतणत घरी गेल्या की भिंत बांधणाऱ्या गवंड्याला त्यांनी आपण होऊन चहा पाजला.

एक गोष्ट मात्र परत आली नाही. कॉफीचा वास तिला अजून जळक्या रबरासारखा येतो. मॅनेजर कॉफी घेऊन आत आला की ती नाक दाबून त्याला बाहेर घालवते. आता तो खोकत नाही, कप बाहेर ठेवून येतो.

कडवट चव पहिल्यांदा परत आली म्हणून असेल, पण तिचा तिला लळाच लागला. आता ती सालीखालचा तो पांढरा कापूस फेकत नाही. त्याच्या बोटभर लांब चकत्या करते, दोनतीनदा पाण्यात उकळून पाणी ओतून देते, आणि मग साखरेच्या पाकात मंद आचेवर शिजवते. चकत्या काचेसारख्या पारदर्शक झाल्या की ताटात पसरून वाळवते आणि जेवणानंतर प्रत्येक ताटात एकेक ठेवते. मशिनवरच्या बायांना त्या इतक्या आवडल्या की हंगामात आपापल्या घरची पपनसंही त्या घेऊन यायला लागल्या, आणि दुपारच्या सुटीत सगळ्या मिळून सोलायला बसायच्या. नणंदबाईंनी त्यांना शिकवायचं मनावर घेतलं, पण पहिलं पपनस त्यांच्या गुडघ्यात बघितल्यावर आत्यानं ते हळूच काढून घेतलं आणि त्यांना नुसत्या आज्ञा द्यायचं काम दिलं.

चकत्यांमध्ये थोडासा कडूपणा ती मुद्दाम ठेवते. यावरून त्या दोघींची रोज जुंपते.

"आणखी एकदा उकळ," नणंदबाई म्हणतात. "कडू लागतंय."

"लागायलाच हवं."

"लोक काय म्हणतील?"

"विचारा की. काका, कशी झालीय चकती?"

मोरीपाशी उभे असलेले काका चकती तोंडात घालतात. दोघीजणी त्यांच्या डोळ्यांकडे बघत उभ्या राहतात.